जिल्हा कुलाबा : शीव आणि शिरगणती

तिसरीच्या वर्गाला आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकवावा लागतो. दर वर्षी मी फळ्यावर खडूने रायगड जिल्ह्याची बाह्यरेषा काढतो आणि मुलांकडून चतुःसीमा घोकून घेतो. उत्तरेला ठाणे, पूर्वेला सह्याद्रीच्या पलीकडे पुणे, आग्नेयेला सातारा, दक्षिणेला सावित्रीच्या पलीकडे रत्नागिरी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. मुले सुरात म्हणतात, मीही सुरात म्हणतो, आणि तास संपतो. एका वर्षी मात्र तास असा सुखाने संपला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, आमच्या आजोबांच्या दाखल्यावर जिल्हा कुलाबा लिहिलंय. मग आजोबा दुसऱ्या जिल्ह्यातले का?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि 'जुने नाव ते' असे सांगून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. नाव बदलले हे खरे. पण केवळ नावच बदलले काय? ज्या रेषेला मी इतक्या निश्चिंतपणे खडूने गिरवितो, ती रेषा आली कोठून, आणि तिच्या आत जी माणसे आहेत ती आत आली कशी, हे मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते. त्या मुलीला द्यावयाचे उत्तर मी पुढे कितीतरी दिवस शोधीत होतो. त्या शोधाची ही हकीगत आहे.

प्रथम नावाची गोष्ट. अलिबागच्या किनाऱ्यासमोर, भरतीला पाण्यात आणि ओहोटीला वाळूत उभा असलेला कुलाबा किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. शिवाजीमहाराजांनी त्याचे काम आपल्या अखेरच्या दिवसांत सुरू करविले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्याला आरमाराची राजधानी केले. त्या किल्ल्यावरून आंग्र्यांच्या संस्थानाला कुलाबा हे नाव पडले. १८४० साली वारस नाही या सबबीवर इंग्रजांनी ते संस्थान खालसा केले. आमचे रोहे, पेण, महाड हा मुलूख मात्र १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हाच कंपनीकडे गेला होता, आणि त्याचा कारभार ठाण्याहून चाले. म्हणजे त्या काळच्या रोहेकराला जिल्हा विचारला असता तर त्याने 'ठाणे' असे सांगितले असते. १८६९ साली ठाण्यातून हा दक्षिणेकडचा भाग तोडला, त्याला आंग्र्यांचा मुलूख जोडला आणि कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. अलिबाग, पेण, रोहे, माणगाव आणि महाड असे त्याचे पाच तालुके. समुद्रातल्या एवढ्याशा किल्ल्याचे नाव थेट महाडच्या डोंगरापर्यंत पोचले ते असे.

पण ही रेषा काही स्थिर राहिली नाही. १८८३ साली ठाण्याचे पनवेल कुलाब्यात आले. १८९१ साली कर्जत आले. १९४८ साली संस्थाने विलीन झाली तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाचे मुरूड, म्हसळे आणि श्रीवर्धन आले, आणि भोरच्या पंत सचिवांचा सुधागड, म्हणजे आपली पाली, तीही आली. पुढे १९८१ साली नाव बदलून रायगड झाले. जलदुर्गाचे नाव गेले आणि गिरिदुर्गाचे आले. मुख्य ठाणे मात्र अलिबागेतच राहिले. आज तालुके पंधरा आहेत.

या सगळ्यात आमच्या रोह्याची जागा मोठी मौजेची होती. १९४८ पूर्वी रोह्याच्या पेठेत उभे राहिले की माणूस इंग्रजी अमलात असे. पश्चिमेचे डोंगर ओलांडले की नबाबाचे राज्य. त्या मुलखाला जुनी माणसे 'हबसाण' म्हणत. पूर्वेच्या अंगाला पालीकडे निघाले की पंत सचिवांची हद्द. वऱ्हाड मुरडीच्या वाटेने पालीकडून निघून रोह्यावरून मुरूडकडे गेले, तर नवरीने एका प्रवासात तीन राज्ये पाहावीत! लग्ने मात्र होतच होती. सोयरीक जुळविताना शिवेचा दगड कोणी पाहिला नाही. कुळ पाहिले, जमीन पाहिली आणि विहिरीला पाणी किती महिने असते ते पाहिले. आजही रोहे हे शिवेवरचेच गाव आहे. मुंबईकडून आलेली मध्य रेल्वे येथे संपते आणि कोकण रेल्वे येथून सुरू होते. रूळ तेच, गाडी तीच, पण कारभार बदलतो आणि डब्यात झोपलेल्या प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही.

शीव अशी सरकत असताना आतल्या माणसांच्या मोजणीचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. १८८१ च्या शिरगणतीत कुलाबा जिल्ह्याची वस्ती सुमारे ३ लाख ८१ हजार होती. १९०१ साली ती ६ लाख ५ हजारांवर गेली. वीस वर्षांत सव्वादोन लाख माणसे वाढली! एखादा भोळा वाचक म्हणेल की केवढी भरभराट! प्रत्यक्षात १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले होते, आणि १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वाढ शेकडा २ च्या आसपासच होती. मग ही माणसे आली कोठून? ती कोठून आली नाहीत. ती पनवेलला आणि कर्जतला आपापल्या घरीच होती. जिल्ह्याचे क्षेत्र १,४९६ चौरस मैलांवरून २,१३१ चौरस मैलांवर गेले, आणि रेषेबाहेरची माणसे जागची न हलता रेषेच्या आत आली. जंजिरा संस्थानाची ३२४ चौरस मैलांतली सुमारे ८५ हजार माणसे त्या १९०१ च्या आकड्यात नव्हतीच. ती वेगळी मोजली जात. २००१ ला २२ लाख ७ हजार आणि २०११ ला २६ लाख ३४ हजार हे अलीकडचे आकडे आपण शाळेत पाठ करून घेतो, पण शंभर वर्षांपूर्वीचा आकडा त्यांच्याशेजारी ठेवताना आपण एकाच जिल्ह्याविषयी बोलत नसतो, हे मुलांना सांगायचे राहून जाते.

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असे नाही. ज्या इंग्रजांनी आपल्याला कलेक्टर आणि जिल्हा दिले त्यांच्या देशात परगणे फार जुने, नॉर्मन राजांच्याही आधीचे आहेत. त्यांना ते 'कौंटी' म्हणतात. तेथेही रेषा सुखाने बसली नाही. लंडनला लागून असलेला मिडलसेक्स परगणा वाढत्या लंडनने हळूहळू गिळला आणि १९६५ साली कारभारातून त्याचे नावच काढून टाकले. तरी लॉर्ड्सच्या मैदानावर मिडलसेक्सचा क्रिकेटसंघ खेळतो. परगणा नाही पण अकरा खेळाडू आहेत. रटलंड हा तिथला सर्वांत चिमुकला परगणा. १९७४ साली तो लेस्टरशरमध्ये विलीन केला. तेथील लोकांनी हट्ट सोडला नाही, आणि १९९७ साली त्याला स्वतंत्र कारभार परत मिळाला. लोक रेषेवर प्रेम करतात ते असे. आपल्या कुलाब्याच्या नावासाठी असा हट्ट कोणी धरला नाही, कारण नवे नाव रायगडाचे होते, आणि रायगडापुढे मराठी माणूस हट्ट कसा धरील?

आता माणसांकडे वळू. रेषा सव्वाशे-दीडशे वर्षांच्या; माणसे किती जुनी! चौलच्या बंदराला अरबी प्रवासी सैमूर म्हणत. अल-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास तेथे आला, तेव्हा त्या एका शहरात दहा हजार मुसलमान राहत होते असे तो लिहून गेला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी आणि त्यांची येथेच जन्मलेली मुले! तेव्हा मराठी भाषाही अजून बाल्यावस्थेत होती. पुढे त्याच चौलच्या खाडीवर पोर्तुगीज आले आणि १७४० साली गेले; पण खाडीच्या दुसऱ्या तीरावर कोर्लईला त्यांची भाषा मराठीत मुरून राहिली. हजारभर माणसांचे ते गाव आजही घरात पोर्तुगीजपासून झालेली आपली निराळी बोली बोलते आणि बाजारात मराठी.

बेने इस्राएलांची कथा तर सर्वश्रुत आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, असे ते परंपरेने सांगतात. घाण्याचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्यांची आडनावे ओळीने म्हटली तर जिल्ह्याचा नकाशाच उभा राहतो. किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, पेणकर, पेझारकर, राजपूरकर, रोहेकर! सरकारने काढलेल्या कोणत्याही नकाशापेक्षा हा नकाशा मला अधिक खरा वाटतो, कारण तो माणसांनी स्वतःच्या नावात जपला आहे. अलिबागचे नाव ज्याच्या बागेवरून पडले तो अली मुसलमान होता की तो एली नावाचा बेने इस्राएल होता, यावर अजून दोन्ही बाजूंनी बोलले जाते, आणि दोन्ही बाजू मराठीतच बोलतात. १९४८ नंतर यांतली बहुतेक घरे इस्राएलला गेली. तेथे काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेला ते पुरते यहुदी आहेत असे जाहीर करावे लागले. आमच्या गावांनी ज्यांना शतकानुशतके न विचारता आत ठेवले, त्यांना पूर्वजांच्या भूमीत शिवेवर उभे राहून पुरावा द्यावा लागला!

आणखी किती सांगावे? आफ्रिकेतून आलेले सिद्दी येथे राजे झाले. त्यांच्याच मुलखातल्या श्रीवर्धनचे देशमुख भट घाटावर गेले आणि त्यांच्या घराण्यातून पेशवे निघाले. खारजमिनीत भात आणि मिठागरात मीठ पिकविणारे आगरी, खाडीवरचे कोळी, डोंगरपायथ्याचे कुणबी आणि मराठे, कायस्थ प्रभू, कोकणी मुसलमान, १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन साऱ्या देशाला जागे करणारे आणि १९५६ नंतर बौद्ध झालेले आमचे बांधव, आणि या साऱ्यांच्या आधीपासून डोंगरात असलेले ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी. रेषा आली तेव्हा ही माणसे येथेच होती. मग मला वाटू लागले की रेषा म्हणजे केवळ कागदी गोष्ट; तिच्याने माणसाचे काय बिघडते?

माझा हा समज फार दिवस टिकला नाही.

१९५६ हे साल येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्या वर्षी जुलै महिन्यात चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. चिंतामणराव रोह्याच्या घराण्यातले. जन्म रायगडाच्या पायथ्याच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५२ साली याच कुलाबा मतदारसंघातून निवडून गेलेले खासदार. एका राज्याची शीव कोठे पडावी एवढ्यासाठी एका माणसाने एवढे मोठे पद ठेवून दिले, याचा आम्हा रोहेकरांना आजही अभिमान वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे.

त्याच १९५६ साली दिल्लीहून आणखी एक कागद निघाला. अनुसूचित जमातींची ती सुधारलेली यादी होती. ठाकूर जमात कोठे कोठे आदिवासी मानावी ते तीत जिल्हावार आणि तालुकावार दिले होते. कुलाबा जिल्ह्यासमोर तालुके होते कर्जत, खालापूर, अलिबाग, महाड आणि सुधागड. त्यांत रोहे नव्हते. पेण नव्हते. म्हणजे काय, तर डोंगराच्या धारेच्या सुधागडच्या अंगाला झोपडी असलेला ठाकूर आदिवासी, आणि रोह्याच्या अंगाला असलेला त्याचाच मेव्हणा आदिवासी नव्हे! तीच नाचणी, तोच नाच, तीच देवके, तेच उपास. मध्ये फक्त ती रेषा, जी १९४८ पर्यंत भोरच्या पंत सचिवांची हद्द होती. संस्थान गेले, सचिव गेले, पण त्यांची शीव एका गरीब जमातीच्या नशिबी तशीच राहिली. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्राचे बंधन उठविले. वीस वर्षांत एक पिढी शाळेच्या वयातून बाहेर पडली होती.

हे मी कोरडेपणाने सांगत असलो तरी मला ते कोरडे राहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका ठाकूरवाडीतले गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा शाळेतून पुढे गेलेला, हुशार, दहावीला चांगले गुण मिळविलेला. पुढच्या शिक्षणासाठी जातीचा दाखला आणि पडताळणी हवी होती. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून कुटुंब याच मुलखात होते आणि जमात तीच होती, याचा पुरावा कचेरीत मागितला होता. पणजोबा कधी शाळेत गेले नव्हते, तेव्हा त्यांचा कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. आजोबा १९५८ साली शाळेत आले होते. आम्ही जुने जनरल रजिस्टर काढले. पाने पिवळी पडलेली, शाई विटकरी झालेली. आजोबांचे नाव सापडले. जन्मस्थळापुढे गाव, तालुका रोहे, जिल्हा कुलाबा. जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'हिंदू'.

ज्या गुरुजींनी ते लिहिले त्यांचा काही दुष्ट हेतू नसावा. तालुका यादीत नाही, ठाकूर लिहून उपयोग काय, असे त्यांना वाटले असेल. किंवा पावसाळ्याच्या तोंडी शंभर नावे भरायची म्हणून घाईत तेवढेच लिहिले असेल. माझ्याही हातून असे रकाने भरले गेले आहेत. ते गृहस्थ बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. त्यांना वाचता येत होते. मग म्हणाले, "गुरुजी, आमचा डोंगर तोच. आम्ही हललोच नाही. मग आम्ही बदललो कधी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही. ती करणे गुन्हा आहे आणि तो नियम योग्यच आहे. मी त्यांना पानाची सहीशिक्क्याची नक्कल दिली आणि १९५६ च्या यादीची व १९७६ च्या कायद्याची हकीगत एका कागदावर लिहून बरोबर दिली. नातेवाइकांपैकी सुधागडच्या बाजूला कोणी शिकलेले आहे का, तिकडे ठाकूर अशी नोंद सापडेल, असेही सुचविले. त्यांच्या चुलत आज्याची तशी नोंद पालीकडच्या एका शाळेत मिळाली. दाखला झाला, पण त्यात मुलाचे एक वर्ष गेले. ते वर्ष कोणत्या रेषेच्या खाती लिहावे?

तेव्हापासून मला कळले की शीव ही ज्याच्याजवळ जमीन आहे, आडनाव आहे, कागद आहे त्याला हलकी असते. त्याने ती ओलांडली काय, आणि तीच त्याला ओलांडून गेली काय, त्याचे फारसे अडत नाही. ज्याच्याजवळ कागद नाही त्याला मात्र ती डोंगराहून जड होते.

आज आपल्या जिल्ह्याची उत्तरेकडची शीव पुन्हा विरघळू लागली आहे. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांवर नव्या मुंबईची आखणी झाली. जमिनीच्या भावासाठी १९८४ च्या जानेवारीत उरणच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहून लढा दिला आणि पाच जणांनी गोळ्या झेलल्या. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हावाशेव्यापर्यंत सागरी सेतू खुला झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. मिडलसेक्सची आठवण यावी असे हे सारे आहे. उद्या तो भाग कागदोपत्रीही जिल्ह्यातून गेला, तर आपल्या वस्तीचा आकडा एका रात्रीत लाखांनी खाली येईल आणि एकही माणूस मेलेला नसेल! १८८३ साली जे आले ते तसेच परत जाईल.

त्याची मला फारशी खंत नाही. मला काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही गणनेची संदर्भतारीख जाहीर झालेली आहे, आणि या खेपेस जातींचीही नोंद व्हायची आहे. मोजायला जाणार कोण? नेहमीप्रमाणे बहुतांशी आम्ही शाळामास्तरच. २०११ ची गणना फेब्रुवारीत झाली होती आणि जिल्ह्यात अनुसूचित जमातींची माणसे सुमारे ३ लाख ५ हजार, म्हणजे शेकडा साडेअकरा भरली. पण फेब्रुवारीत कातकरीवाडी कोणी पाहिली आहे काय? भातकापणी उरकली की कातकरी बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ते पहिल्या पावसाच्या सुमारास परततात. शिमग्याच्या आधी वाडीत जावे तर दाराला काटी आडवी लावलेली आणि अंगणात एखादी म्हातारी बसलेली. मुले शाळेच्या पटावर असतात, वर्गात नसतात. ती माणसे त्या दिवसांत दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात असतात. तेथे ती उपरी, आणि येथे ती गैरहजर. शीव ओलांडली की आकड्यातून निसटण्याचा धोका त्यांनाच सर्वांत मोठा. साठ वर्षांनी त्यांच्यातल्या एखाद्याचा नातू आपल्या आजोबाचे नाव शोधीत एखाद्या मास्तरापुढे उभा राहील, तेव्हा त्या मास्तराच्या हाती काय सापडावे हे उद्या आमच्या लेखणीवर अवलंबून आहे.

त्या मुलीला मी पुढच्या वर्षी, ती चौथीत गेल्यावर, मधल्या सुट्टीत बोलावून उत्तर दिले. म्हटले, "तुझे आजोबा दुसऱ्या जिल्ह्यातले नव्हेत. ते जेथे होते तेथेच आहेत. जिल्हाच त्यांच्या अंगावरून दोनदा-तीनदा गेला." तिला ते कितपत पटले कोण जाणे. तिने विचारले, "मग दाखल्यावर काय लिहायचं?" मी म्हटले, "जे खरे असेल ते सगळे लिहायचे. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही."

जनगणनेचे कागद हातात येतील तेव्हा हा धडा मला स्वतःला गिरवायचा आहे. भट्टीवर जावे लागले तर भट्टीवर जाऊन.